बुधवारी आवाज उबदार येतो

८ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही फक्त आवाजासाठी. कामाची वही खाली कारखान्यात आहे, ती तिथेच राहील. काल ऐकलेलं कानाला आज आठवत नाही, हे मला या महिन्यात पुरतं कळलं आहे. म्हणून लिहून ठेवायचं.

गेल्या महिन्यात सीडी प्लेअरने मान टाकली. खरं सांगायचं तर मी हळहळलो नाही. नवं काहीतरी घ्यायला निमित्त मिळालं म्हणून आतून खूषच झालो. सगळ्या सीडी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्या. पण कॉम्प्युटरमधून थेट जे येतं ते गाणं नव्हे, गाण्याचा एक्स-रे. हाडं सगळी दिसतात, अंगावर मांस नाही. कॉम्प्युटरमध्ये गाणं नुसते आकडे होऊन पडलेलं असतं. ते आकडे उलगडून पुन्हा आवाज करणारी एक पेटी मिळते, तिला डॅक म्हणतात. मला ती हवी आहे, आणि उबदार आवाजाची हवी आहे. चेलो लाकडाचा वाटावा, गाणारी बाई श्वास घेणारी वाटावी. एवढंच मागणं.

आज दुपारी ट्रामने निघालो आणि निप्पोनबाशीत, विजेच्या यंत्रांच्या बाजारात, गेलो. मोठ्या दुकानांत पोरंटोरं आकडेमोड तोंडावर फेकतात, म्हणून मागच्या गल्लीतलं तेरामोतोसानांचं दुकान गाठलं. दुसरा मजला, अरुंद जिना, आत चारच खुर्च्या. मालक साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, स्वेटरची कोपरं विरलेली. मी म्हटलं, "उबदार डॅक हवा." ते म्हणाले, "घाई नसेल तर बसा." तीन पेट्या ऐकवल्या. तिन्ही आवडल्या. मी पाकीट काढलं तर म्हणाले, "ठेवा ते. इथे ऐकून घेऊ नका. ही खोली माझी आहे, तुमची नाही. एकेक घरी नेऊन ऐका, मग बोलू."

विकायला नकार देणारा दुकानदार ओसाकात पहिल्यांदाच बघितला. पेट्या जड आहेत, उद्या बुधवार, दुकानाची सुट्टी, तेव्हा स्वतःच आणून देतो म्हणाले. मला उद्यापर्यंत दम धरवत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहिली पेटी आली.

सकाळपासून मी तीनदा खाली-वर केलं. शेवटी ताई म्हणाली, "हिदे, नवरी बघायला येणार आहेत का कुणी?" ताई म्हणजे सावाको, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पंचवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांची जेवणं रांधली, मार्चमध्ये निवृत्त झाली. आम्ही दोघंही बिनलग्नाचे राहिलो. आई-वडील गेल्यापासून घरात दोघंच. खाली माझा कवळ्या बनवायचा कारखाना, वर आम्ही.

तेरामोतोसान आले तेव्हा ताई मुळा सोलत होती. पेटी बघून म्हणाली, "आणखी एक काळं खोकं. आमच्याकडे आधीच इतकी आहेत की धूळ पुसताना मोजावी लागतात."

ते म्हणाले, "हे बाकीच्यांपेक्षा पुसायला सोपं आहे, बटणं कमी आहेत."

तारा जोडून झाल्यावर त्यांनी मधल्या खुर्चीत मला नाही, ताईला बसवलं. मधली खुर्ची माझी, पण पाहुण्याला काय बोलणार. विचारलं, "काय ऐकायला आवडतं?" ती म्हणाली, "पंचवीस वर्षं चारशे पोरांचा कलकलाट ऐकला. आता जे लावाल ते गोडच." त्यांनी एका बाईचं जुनं गाणं लावलं. ताई डोळे मिटून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "गाते छान. पण तिच्या तोंडात आमच्या हिदेने केलेली कवळी आहे."

तेरामोतोसान इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. माझ्या कवळ्यांवरून हसले त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तिचं म्हणणं अचूक होतं. 'स' आला की शीळ वाजते. ही पेटी स्वच्छ आहे, पण शीळ घालते. त्यांनी तिचं वाक्य खिशातल्या कार्डावर लिहून घेतलं, गिऱ्हाइकांना सांगायला म्हणून.

मुळ्याचं लोणचं तीनदा मागून घेतलं त्यांनी.

१२ ऑक्टोबर, शनिवार

शीळ अजून आहे. आवाज थोडा लहान केला की कमी वाटते. यात एक फसवणूक असते, हे तेरामोतोसानांनी सांगून ठेवलं आहे. जी पेटी जराशी मोठ्याने वाजते ती माणसाला उगाच चांगली वाटते. म्हणून दोन पेट्या ताडून पाहायच्या तर आवाज मापून सारखा करून. दातांचा रंग जुळवतानाही असंच होतं. पिवळ्या दिव्याखाली सगळेच दात सुंदर.

शंकाही येते. मी जे ऐकतो ते खरंच आहे, की मला हवं म्हणून ऐकू येतं? ताईला विचारलं तर म्हणाली, "मला विचारू नकोस, मी कणीक मळते आहे."

१६ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी पेटी. हिच्यात जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. चालू केली की आत नारिंगी उजेड पडतो. आधी डोळ्यांनीच ऐकायला लागलो म्हणा ना.

आणि आवाज? बाई गायला लागली आणि शीळ नाही. चेलोवर गज टेकला तेव्हा आधी लाकूड, मग स्वर. खोलीचे कोपरे गोल झाले जणू. मी म्हटलं, "हाच घेतो." तेरामोतोसान म्हणाले, "आठवडा जाऊ द्या." त्यांनी येताना चेस्टनट आणले होते, ताईने त्यांचा भात केला. ते जेवूनच गेले.

ताई केस कापून आली आहे. उन्हाळाभर गरम होतंय म्हणत होती तेव्हा कापले नाहीत आणि आता थंडीच्या तोंडावर कापले. शिवाय हवा कोरडी आहे म्हणून आईचे आणि स्वतःचे सगळे किमोनो काढून वाळत टाकलेत, तेही माझ्या ऐकायच्या खोलीत, दोन मोठ्या लाकडी स्टँडवर. म्हणाली, "दुसरीकडे जागा कुठे आहे?" स्पीकरच्या समोर नाहीत, मागच्या भिंतीशी आहेत, म्हणून चालवून घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शीळ परत आली. तीच पेटी, तेच गाणं, तीच खुर्ची, आवाज मापून तेवढाच. ताईने किमोनो आवरून ठेवल्याने खोली मोकळी झाली, आता खरं तर अधिक बरं ऐकू यायला हवं होतं. व्हॉल्व्ह उतरले असतील का? दिवसभर हेच डोक्यात. एका आजीबाईंची खालची कवळी दोनदा घासावी लागली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शोध लागला.

आज पुन्हा आवाज उबदार. शीळ गुल. तेरामोतोसान यायच्या आधीपासूनच, म्हणजे त्यांनी तारांना हात लावला म्हणून असंही नाही. मी डोकं खाजवत बसलो आणि एकदम लक्षात आलं. बुधवारी शेजारचा छापखाना बंद असतो. त्यांची यंत्रं चालली की विजेत कचरा येत असणार. बुधवारी वीज शुद्ध, म्हणून आवाज शुद्ध.

तेरामोतोसानांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, खोलीभर नजर फिरवली, स्टँडवरच्या किमोनोंकडे जरा जास्तच वेळ बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "असू शकतं." ताई त्याच वेळी चहा आणायला गेली. गॅसवर पाणी ठेवलेलंच नव्हतं, मग बराच वेळ लागला.

(किमोनो तिने आज पुन्हा बाहेर काढले होते. एकदा हवा लागली की वर्षभर पुरतं अशी माझी समजूत होती.)

२६ ऑक्टोबर, शनिवार

बुधवारचं खोडून टाकायला हवं. विजेचा काही संबंध नाही.

ताई आज दुपारी शाळेतल्या मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली. जांभळट राखी किमोनो नेसून गेली, तो नेसलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बाकीचे स्टँडवरच होते. मी पेटी लावली. छापखाना धडधडत होता आणि आवाज उबदार. मग मी एकेक किमोनो उचलून बाहेर नेला, दर वेळी येऊन ऐकलं. शीळ हळूहळू परत. आत आणले, शीळ गेली. कापड. मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ते जड रेशीम पिऊन टाकतं. पेटीचा दोष नव्हताच, भिंतीचा होता. मी खोलीत एकटाच फेऱ्या मारत सुटलो.

ताई संध्याकाळी आली ती भाजलेल्या ईल माशाचा वास घेऊन. आल्या आल्या सांगितलं. तिने चपला काढता काढता ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "तेरामोतोसानांना हे माहीत असणारच. त्यांचा धंदाच आहे. मग बुधवारी बोलले का नाहीत?"

"विसरले असतील."

"इतकी मोठी गोष्ट?"

"हिदे, तुला भूक लागली आहे का? मी खाऊन आले."

३० ऑक्टोबर, बुधवार

भिंतीला जाड पडदा लावला. आता किमोनो असोत नसोत. तिसरी पेटी आली.

हिच्यात ना नवी चिप ना व्हॉल्व्ह. बारीक बारीक रोधक शिडीसारखे रचलेले, आकडा त्या शिडीवरून पायरी पायरीने उतरतो आणि आवाज होतो. जुनी पद्धत. दिसायला अगदी साधी, पुढे एकच दिवा. चेलो लावला आणि मी काही लिहूच शकलो नाही. वाजवणाऱ्याची बाही गजाला घासली ती ऐकू आली. उबदार, पण व्हॉल्व्हच्या पेटीसारखं सगळ्यावर मध ओतलेलं नाही.

मग परीक्षा घेतली. तेरामोतोसान पुढे टांगलेल्या दुसऱ्या पडद्याआड जाऊन पेट्या बदलणार, आम्ही दोघांनी ओळखायच्या. मी बहुतेक वेळा बरोबर आलो. ताई प्रत्येक वेळी. मला हेवा वाटला, तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "पेटी मला ओळखू येत नाही. ते व्हॉल्व्हवाली लावताना दबकत चालतात, फुटेल म्हणून. आणि नवीवाली लावली की सुस्कारा टाकतात."

म्हणजे तिने फसवलं. तेरामोतोसान पडद्याआडून लगेच बाहेर आले नाहीत. आले तेव्हा कान लाल होते. इतक्या वर्षांच्या माणसाला आपल्या चालण्याची अशी खोड कुणी काढावी, लाज वाटली असणार.

३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं, शिडीवाली. इंटरनेटवर हीच पेटी नागोयातल्या एका दुकानात बरीच स्वस्त आहे, उद्या दारात. जेवताना ताईला सांगितलं.

तिने वाटी खाली ठेवली. आदळली नाही, पण ठेवली.

"तो माणूस सुट्टीच्या दिवशी ओझं वाहून इथे येतो."

"हो, पण किंमत..."

"माझ्या निवृत्तीच्या पैशांतून देते वरचे. तेरामोतोसानांकडूनच घ्यायची."

"ताई, पेटीच आहे."

"हो ना, पेटीच आहे," असं म्हणून ती माझी वाटी न विचारता उचलून घेऊन गेली. अर्धी भरलेली होती.

तिचं बरोबर आहे. माणुसकी म्हणून काही असते. लाज वाटली. पैसे अर्थात मीच देणार.

६ नोव्हेंबर, बुधवार

घेतली. माझी झाली. दिवसातून चार वेळा नुसता तिचा दिवा बघून येतो.

तेरामोतोसानांनी स्वतः जोडून दिली, दोन उसन्या पेट्या पुन्हा खोक्यांत भरल्या. मी मनापासून म्हटलं, "आता तुम्हाला दर बुधवारी त्रास नाही. एकच सुट्टी मिळते, तीही आमच्यापायी गेली."

ते वाकून म्हणाले, "त्रास नव्हता."

ताईने लोणच्याची मोठी बरणी कापडात बांधून दिली. म्हणाली, "बरणी परत करायची घाई नाही." ते म्हणाले, "नाही, देईन मी परत." ती म्हणाली, "घाई नाही म्हटलं." एका बरणीवरून इतकं बोलणं. मग ते जिना उतरून गेले. ताई खिडकीशी उभी होती, ट्राम गेली तरी.

आवाज: स्वर्ग.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ताईने सवयीने तीन पेले काढले, मग एक आत ठेवला. सुपात मीठ नव्हतं. मी बोललो नाही, वरून सॉस घातला.

पेटी दिवसेंदिवस खुलते आहे. आज पियानोच्या खालच्या पट्टीत इतकं दिसलं की खाली कामाला गेलोच नाही. ताईला हाक मारली. ती दोन मिनिटं बसून "छान" म्हणाली आणि उठून गेली. लोक पेटीची परीक्षा असते तेव्हा कान देतात, पेटी घरची झाली की नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

दुपारी वर आलो तर ताई ऐकायच्या खोलीत बसलेली. मधल्या खुर्चीत नाही, बाजूच्या, जिथे तेरामोतोसान बसत. काहीच लावलेलं नव्हतं, पेटीही बंद.

"काय करतेस?"

"ऐकते आहे."

"काय?"

"काही नाही."

शाळा सुटल्याचं तिला आता जाणवत असणार. इतक्या वर्षांची गडबड एकदम थांबली की असं होतं. तिला कुठल्यातरी वर्गाला घालायला हवं, फुलांची रचना किंवा असंच काही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

एक तार हवी होती. तशी नसती घेतली तरी चाललं असतं, पण दुकानात जायची हौस. तेरामोतोसान एकटेच होते. काउंटरवर आमची बरणी. धुतलेली, पुसलेली, आमच्याच कापडात बांधलेली, त्या कापडाला इस्त्री केलेली.

मी म्हटलं, "न्यायला मीच आलो बघा."

त्यांनी बरणी पुढे केली नाही. दोन्ही हात तिच्यावर ठेवून म्हणाले, "मी आणून देणार होतो. दोन बुधवार निघालो, ट्रामपर्यंत आलो, परत गेलो. नुसतं बरणीचं निमित्त काढून येणं बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही?"

ते हसले, मग म्हणाले, "तारेची लांबी किती हवी?"

ट्राममध्ये बसायला जागा होती तरी मी उभाच राहिलो. बरणी माझ्या हातात नव्हती, त्यांनी दिलीच नव्हती. मग एकेक गोष्ट आपोआप पुढे यायला लागली. केस. किमोनो. ईलचा वास. शाळेतली मैत्रीण. लाल कान. माझ्या शुद्ध विजेच्या शोधाला "असू शकतं" म्हणणारा तो माणूस. माझा स्टॉप मागे गेला. उतरून चालत आलो.

ताईने विचारलं, "इतका उशीर?" मी म्हटलं, "तार मिळाली नाही." तार माझ्या हातात होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस काही केलं नाही. खरं लिहायचं तर करायचं नव्हतं. गप्प राहिलो तर हे आपोआप विझेल, ताई पुन्हा पूर्वीसारखी होईल, सुपात मीठ परत येईल. सकाळी तिने माझ्या कपड्यांच्या घड्या केल्या तेव्हा मी मनात म्हणत होतो, या घड्या कोण करणार? मी चौपन्न वर्षांचा आहे आणि मला भात लावता येत नाही.

चेलो लावला. आवाज उत्तम होता. ऐकवेना.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तेरामोतोसानांना फोन केला. "पेटीतून गुणगुण येते आहे. डावीकडून." असं खोटं मी आयुष्यात कुठल्या यंत्राबद्दल बोललो नव्हतो. पेटीची क्षमा मागावीशी वाटली.

"कशी गुणगुण? सतत की मधून मधून?"

"बुधवारी," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

फोनवर ते खाकरले. मग ते म्हणाले, "अवजारं घेऊन येतो."

पाऊण तासात दारात हजर. एका हातात अवजारांची पिशवी, दुसऱ्या हातात बरणी. नवा स्वेटर. ताई मासे तळत होती, ती तशीच चिमटा हातात धरून आली. मी म्हटलं, "मला दंतवैद्याकडे कवळी पोचवायची आहे, नंतर सार्वजनिक स्नानगृहात जाऊन येतो. पाठ धरली आहे. तुम्ही सावकाश बघा, अगदी नीट बघा, यंत्र नाजूक आहे."

स्नानगृहात गरम पाण्यात बसून बोटं सुरकुतून गेली. बाहेर येऊन थंड दूध प्यायलो. आणखी एक प्यायलो.

परत आलो तर दोघं टेबलाशी. अवजारांची पिशवी दारातच, जशी ठेवली तशी, चेनही उघडलेली नाही.

तेरामोतोसान उभे राहून म्हणाले, "गुणगुण काही सापडली नाही."

ताई म्हणाली, "मला येते ऐकू." आणि माझ्यापुढे सगळ्यात मोठा मासा ठेवला. मला वाटतं तिला अजून कळलेलं नाही की मी खोटं बोललो. कळू देणारही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

ताईने सांगितलं. जानेवारीत लग्नाची नोंदणी. तेरामोतोसानांची पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. सकाईला त्यांचा फ्लॅट आहे, आपल्याच ट्रामवर. ताई तिकडे राहायला जाणार.

"तू इथे राहिलीस तर? ते इकडे आले तर?" मी विचारलं.

"मी सबंध आयुष्य याच घरात काढलं, हिदे. मला एकदा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचं आहे."

मग तिने मला भात लावायला शिकवला. पहिला करपला. "तुला कान आहेत ना? पाणी आटलं की आवाज बदलतो, तो ऐक." आणि खरंच बदलतो. बुडबुड, मग टपटप, मग बारीक चरचर. दुसरा भात बरा झाला. मी हे सगळं या वहीत का लिहितो आहे? असो, आवाजच आहे तोही.

८ जानेवारी, बुधवार

कचेरीत नोंदणी झाली. साक्षीदार म्हणून सहीच्या जागी माझा शिक्का. ताई त्या जांभळट राखी किमोनोत. बाहेर आल्यावर तेरामोतोसान मला म्हणाले, "आता मला इसाओ म्हणा." मी प्रयत्न केला, जमेना. शेवटी "दाजी" म्हटलं. ताई रस्त्यातच हसत सुटली, लोक बघायला लागले.

२२ जानेवारी, बुधवार

ताईचं सामान पोचवलं.

गेला आठवडाभर मी एका वेगळ्याच कारणाने उत्सुक होतो. ताईच्या जाण्याचं दुःख होतंच, पण शेवटी तेरामोतोसानांच्या घरी जायला मिळणार. या माणसाने चाळीस वर्षं जगातल्या उत्तमोत्तम पेट्या ऐकल्या. हा स्वतः घरी काय ऐकत असेल? कुठला डॅक? कुठले स्पीकर? विचारायचं नाही, आयतं बघायचं, असं ठरवलं होतं.

किमोनोंचं कपाट आम्ही दोघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. मी धापा टाकत आत शिरलो आणि नजर फिरवली. बसायची खोली: टेबल, बसायच्या दोन गाद्या, भिंतीवर कॅलेंडर. झोपायची खोली: पलंग. स्पीकर नाही, पेटी नाही, तार नाही. मला वाटलं बंद कपाटात असेल. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. फ्रिजवर एक खेळण्याएवढा रेडिओ, अँटेना वाकडी, तिला चिकटपट्टी. त्यावर कुणीतरी दोघं वसंतातल्या भाज्यांविषयी बोलत होती.

"हे काय?" मी विचारलं. "तुमचं यंत्र कुठे?"

"हेच."

"आणि गाणी?"

"गाणी दुकानात होतात दिवसभर. घरी नुसती माणसं बोललेली बरी वाटतात. झोपतानाही बंद करत नसे, बारीक करून ठेवायचा." मग ते ओशाळून म्हणाले, "नऊ वर्षांत बंद केलाच नाही बहुतेक."

ताई भांडी लावत होती. तिने हात पुसले, वर हात नेऊन रेडिओ बंद केला. एकदम सगळं शांत झालं, बाहेरून ट्रामची घंटा ऐकू आली. तेरामोतोसान फ्रिजकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. ती पुन्हा भांड्यांकडे वळली आणि त्यांना म्हणाली, "तुमच्याकडे पातेल्याला एकही झाकण कसं नाही?" ते झाकणाबद्दल काहीतरी लांबलचक सांगायला लागले.

निघताना ताईने तो रेडिओ पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "घेऊन जा. स्वयंपाकघरात ठेव."

मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे इतकं चांगलं यंत्र आहे."

"माहीत आहे. तरी ने. रविवारी आम्ही जेवायला येतो, भात तू लाव."

घरी आलो. चेलो लावला, मधल्या खुर्चीत बसलो. पेटी आज तिच्या उत्तम रूपात होती, बाहीचा आवाज, लाकूड, सगळं. ते ऐकून झालं. मग स्वयंपाकघरात गेलो, भात लावला. ताईने हा रेडिओ मला कशाला दिला ते काही कळलं नाही. चालतो का बघावा म्हणून लावून पाहिला. एक बाई आपल्या नातवाच्या पहिल्या दाताबद्दल सांगत होती आणि दुसरी तिला मध्येच अडवून आपल्या नातवाचं सांगत होती. आवाज अगदी सुमार. खाली काही नाही, वर नुसती खरखर, आणि 'स'ला अशी शीळ की विचारू नका.

भात झाला, जेवलो, भांडी घासली. बायकांचं अजून चालूच आहे. बंद केला नाही.